हिस्पॅनिक अभ्यासातला पहिला पेपर: जर्नल निवडायचं कसं

"पेपर झाला, आता पाठवू कुठे?" असं विचारणारं कोणी ना कोणी दर वर्षी भेटतं. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण मी म्हणतो, प्रश्न जरा उशिरा विचारलात. पेपर पुरता घासूनपुसून झाला की मग जर्नल शोधायला निघणं म्हणजे माप न घेता अंगरखा शिवण्यासारखं. शेवटचा खर्डा हातात घ्यायच्या आधी जर्नल ठरलं, तर काय समजावून सांगायचं, काय गृहीत धरायचं, कोणाशी वाद घालायचा हे आपोआप ठरतं.

मी स्वतः हे ठेच लागूनच शिकलो. माझा पहिला पेपर सतराव्या शतकातल्या गद्यावर होता. एका जर्नलचं नाव भारदस्त वाटलं, पाठवून दिला. चौदा महिने काही कळलं नाही. मग दोन ओळींचं उत्तर आलं: लेख आमच्या विषयकक्षेत बसत नाही. चिडलो. राग ओसरल्यावर त्यांचे मागचे अंक उघडले, जे पाठवण्याआधी उघडायला हवे होते. तीन वर्षांत १८०० सालाच्या आधीच्या साहित्यावर एकही लेख नव्हता. दहा मिनिटांचं काम टाळलं आणि चौदा महिने गेले.

म्हणून खाली जे देतोय ते त्याच क्रमाने करा. काही पायऱ्या पाच मिनिटांच्या आहेत, काहींना आठवडा लागेल.

पायरी १: पेपरचा पत्ता एका वाक्यात लिहा

'हिस्पॅनिक अभ्यास', म्हणजे स्पॅनिशभाषक जगाचा अभ्यास, हे नाव एक असलं तरी घरं अनेक आहेत. स्पेनचं साहित्य आणि लॅटिन अमेरिकेचं साहित्य यांची जर्नलं बरीचशी वेगळी. त्यातही मध्ययुग, सुवर्णयुग म्हणजे 'सिग्लो दे ओरो' (सोळावं-सतरावं शतक), एकोणिसावं शतक, समकालीन साहित्य असे शतकांनुसार गट. शिवाय भाषाशास्त्र, सिनेमा आणि संस्कृती अभ्यास, इतिहास, स्पॅनिशचं अध्यापन. पोर्तुगीज जगाला सोबत घेणारी जर्नलं आणखी निराळी.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवू. सेर्वांतेसच्या 'दोन किहोते' (डॉन क्विक्झोट) या कादंबरीच्या १६१५ साली आलेल्या दुसऱ्या भागात ६२व्या प्रकरणात नायक बार्सेलोनातल्या एका छापखान्यात शिरतो. तिथे त्याला स्वतःच्याच नावावरच्या बनावट दुसऱ्या भागाची प्रुफं तपासली जाताना दिसतात. आवेयानेदा हे टोपणनाव घेऊन कोणीतरी तो १६१४ साली काढला होता. समजा तुमचा पेपर या प्रसंगावर आहे. त्याचा पत्ता काय? 'सेर्वांतेस कथनाशी कसा खेळतो' असा असेल तर तो सेर्वांतेसच्या जर्नलांचा. 'त्या काळच्या छापखान्यात प्रूफ तपासायची रीत काय होती' असा असेल तर तो ग्रंथ-इतिहासाचा. 'लेखकाचा हक्क ही कल्पना तेव्हा होती का' असा असेल तर सर्वसाधारण हिस्पॅनिक जर्नलालाही चालेल. प्रसंग एकच, पण वाक्य बदललं की गिऱ्हाईक बदलतं.

हे वाक्य जमत नसेल तर जर्नल शोधू नका. अडचण पेपरमध्येच आहे.

पायरी २: स्वतःची संदर्भसूची उलटी वाचा

नवख्यांना वाटतं जर्नलांची यादी कुठेतरी तयार मिळेल. मिळते, पण तुमच्या कामाची यादी तुमच्याच पेपरच्या शेवटी असते. संदर्भसूचीत कोणत्या जर्नलचं नाव किती वेळा आलंय ते मोजा, गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या लेखांना जास्त वजन द्या. तीनदा आलेलं नाव तुमच्या यादीत वर. एकही जर्नल दोनदा येत नसेल, तर तुम्ही अजून कोणाच्याच चर्चेत सामील झालेला नाही, एवढं समजा आणि आणखी वाचा.

या यादीत कोणती नावं येऊ शकतात याचा थोडा अंदाज असावा, म्हणून काही ठिकाणं सांगतो.

जुनी, सगळ्या काळांना जागा देणारी जर्नलं आधी. बोर्दोचं 'ब्युलतँ इस्पानिक' १८९९ पासून आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं 'हिस्पॅनिक रिव्ह्यू' १९३३चं. माद्रिदमध्ये रामोन मेनेंदेस पिदाल यांनी १९१४ साली सुरू केलेलं 'रेविस्ता दे फिलोलोहिआ एस्पान्योला' आता स्पेनची राष्ट्रीय संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयसी, चालवते. तिथे भाषेचा आणि पाठाचा बारीक अभ्यास लागतो, वरवरची सैद्धांतिक मांडणी चालत नाही. मेक्सिकोतल्या एल कोलेहिओ दे मेहिकोचं 'नुएवा रेविस्ता दे फिलोलोहिआ इस्पानिका' १९४७ साली आमादो आलोन्सो यांनी काढलं. नावात 'नुएवा' म्हणजे 'नवी' का, तर त्याआधी ब्वेनोस आइरेसमध्ये त्यांनीच चालवलेलं एक होतं. या नावातला 'नवी' आता पाऊणशे वर्षांहून जुना झालाय.

लॅटिन अमेरिकेच्या साहित्यासाठी 'रेविस्ता इबेरोआमेरिकाना' हे पहिलं नाव. ते चालवणारी संस्था १९३८ साली मेक्सिकोत स्थापन झाली आणि पुढे पिट्सबर्गला गेली. इतिहासाकडे झुकणाऱ्यांसाठी १९१८ पासूनचं 'हिस्पॅनिक अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू'. समाजशास्त्र आणि साहित्य दोन्ही हाताळत असाल तर 'लॅटिन अमेरिकन रिसर्च रिव्ह्यू'.

आता एकाच लेखकाची किंवा एकाच काळाची जर्नलं. नवख्याने खरं तर इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. सेर्वांतेसवर माद्रिदचं 'आनालेस सेर्वांतिनोस' १९५१ पासून, आणि अमेरिकेतल्या सेर्वांतेस सोसायटीचं 'सेर्वांतेस' १९८१ पासून. गाल्दोस या कादंबरीकारावर 'आनालेस गाल्दोसिआनोस'. 'ला सेलेस्तिना' या एका ग्रंथाभोवती 'सेलेस्तिनेस्का' नावाचं अख्खं जर्नल आहे. सुवर्णयुगासाठी तुलूझचं 'क्रितिकोन', त्या काळच्या नाटकांसाठी 'बुलेटिन ऑफ द कोमेदिआंतेस', मध्ययुगासाठी 'ला कोरोनिका'. इथले रिव्ह्यूअर, म्हणजे संपादकासाठी पेपर तपासणारे अभ्यासक, विषय कोळून प्यालेले असतात. नाकारला तरी पानभर टिपण हाती येतं, आणि पुष्कळदा त्या टिपणातूनच पुढचा पेपर सुचतो. मोठ्या सर्वसाधारण जर्नलांत तुम्ही शंभर विषयांच्या गर्दीत उभे असता.

पायरी ३: नावं सारखी दिसतील, आयएसएसएन बघा

हा भाग गमतीचा वाटेल, पण यात माणसं खरोखर फसतात.

'हिस्पानिया' नावाची दोन नामांकित जर्नलं आहेत. एक अमेरिकेतल्या स्पॅनिश-पोर्तुगीज शिक्षकांच्या संघटनेचं. संघटना १९१७ सालची, आणि जर्नलात भाषा, साहित्य, अध्यापन असं सगळं येतं. दुसरं माद्रिदचं, सीएसआयसीचं, पूर्णपणे इतिहासाचं. पहिल्याचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाला मिळणारा आठ आकडी ओळख क्रमांक, ००१८-२१३३, दुसऱ्याचा ००१८-२१४१. पहिले सहा आकडे तेच! त्यातला शेवटचा आकडा तर तपासणीसाठीच असतो, आधीच्या सातांवरून हिशेब करून काढलेला. म्हणजे या दोन जर्नलांत खरा फरक एका आकड्याचा.

तसंच 'बुलेटिन ऑफ हिस्पॅनिक स्टडीज' आणि 'बुलेटिन ऑफ स्पॅनिश स्टडीज'. एक लिव्हरपूलचं, दुसरं ग्लासगोचं. दोघंही आपली सुरुवात १९२३ सालची, ई. ॲलिसन पीअर्स यांनी लिव्हरपूलला केलेली, असं सांगतात, आणि दोघांचंही खरं आहे. मूळ घर एकच, वाटण्या पुढे झाल्या. 'रेविस्ता दे एस्तुदिओस इस्पानिकोस' या नावाचीही दोन: एक सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचं, एक प्वेर्तो रिको विद्यापीठाचं.

म्हणून यादी करताना नावापुढे गाव, चालवणारी संस्था आणि आयएसएसएन लिहा. आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर तो आकडा टाकून बघा आणि तिथे दिसणारं संकेतस्थळ तुम्ही उघडलेल्या संकेतस्थळाशी जुळतंय का तेही बघा. नामांकित जर्नलांची हुबेहूब नक्कल करून बसलेली संकेतस्थळं आहेत. नाव तेच, आकडा तोच, पैसे मात्र भलत्याच खात्यात.

पायरी ४: मागच्या दोन वर्षांचे अंक समोर घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'आमच्याविषयी' या पानावर प्रत्येक जर्नल म्हणतं की आम्ही सर्व काळांतल्या, सर्व पद्धतींच्या लेखनाचं स्वागत करतो. ते वाचून सोडून द्या. खरं काय ते अनुक्रमणिका सांगते.

एक कागद घ्या, उभे पाच रकाने आखा: विषयाचं शतक, प्रदेश, पद्धत, भाषा, लेखकाची संस्था. दोन वर्षांचे सगळे लेख त्यात भरा. वर्षाला दोन अंक निघत असतील तर तीस-चाळीस लेख होतील, एका दुपारचं काम. मग रकाने उभे वाचा.

शतकाच्या रकान्यात तुमचं शतक एकदाही नसेल तर जर्नल यादीतून काढा. एकदाच असेल तर तो लेख विशेषांकातला होता का ते बघा. विशेषांक पाहुणे संपादक करतात, त्यावरून घरची चव कळत नाही. पद्धतीच्या रकान्यात हस्तलिखितं, आवृत्त्या, शब्दांचा इतिहास असं भरलेलं दिसलं आणि तुमचा पेपर स्मृती-अभ्यासाचा असला, तर दोघांचीही फरफट होईल. उलटंही तितकंच खरं.

शेवटचा रकाना नवखे भरतच नाहीत. लेखकाच्या संस्थेचा. स्पॅनिश जगात याला एक नाव आहे, 'एंदोगामिआ', म्हणजे घरच्या घरात सोयरीक: विद्यापीठाचं जर्नल आणि लेखकही त्याच विद्यापीठाचे. अशा जर्नलात बाहेरच्याला जागा कमी, आणि मूल्यांकनात त्याचं वजनही कमी. पण याच गोष्टीचा तुम्हाला फायदा आहे. लॅटिन अमेरिका, स्पेन, पोर्तुगाल यांच्या जर्नलांची नोंद ठेवणाऱ्या 'लातिंदेक्स'च्या कॅटलॉगच्या निकषांत, निम्मे तरी लेख बाहेरच्या लेखकांचे हवेत, अशी एक अट आहे. चांगल्या संपादकाला दूरच्या संस्थेतून आलेला बरा पेपर हवाच असतो. तुम्ही लांबचे आहात, नवखे आहात, हे इथे ओझं नाही.

रकाने भरून झाले की दोन लेख पूर्ण वाचा. प्रस्तावना किती पानांची, तळटिपा किती लांब, आधीच्या अभ्यासकांशी वाद कोणत्या सुरात घालतात. काही ठिकाणी पहिल्याच परिच्छेदात मुद्दा मांडलेला लागतो. काही ठिकाणी आधी चार पानं जुन्या मतांचा आढावा घेतल्याशिवाय तुम्हाला कोणी गंभीरपणे घेत नाही. हे कुठल्याच सूचनापत्रकात लिहिलेलं नसतं.

पायरी ५: भाषा ठरवा

बरीचशी जर्नलं स्पॅनिश आणि इंग्लिश दोन्ही घेतात, काही पोर्तुगीज आणि फ्रेंचही. मग कशात लिहायचं? विचार एवढाच करा, की तुम्ही ज्यांच्या म्हणण्याला उत्तर देताय ते कशात लिहितात. सुवर्णयुगावरचा वाद बहुतांशी स्पॅनिशमध्ये चालतो. तिथे इंग्लिश पेपर वाचला जाईल, पण त्याचा संदर्भ दिला जाईलच असं नाही. सिनेमा, संस्कृती अभ्यास, लिंगभाव अभ्यास यांत इंग्लिशचा जोर आहे.

स्पॅनिश तुमची शिकलेली भाषा असेल तर एक रोखठोक सल्ला. पेपर पाठवण्याआधी स्पॅनिश मातृभाषा असलेल्या आणि त्याच विषयातल्या माणसाकडून वाचून घ्या. नुसती मातृभाषा पुरत नाही. मी एकदा शेजारच्या स्पॅनिश गृहस्थांकडून वाचून घेतला. त्यांनी माझे सगळे लांब उतारे 'सोपे' करून दिले आणि सतराव्या शतकातल्या अवतरणांचं स्पेलिंगही सुधारून टाकलं.

लांबीच्या बाबतीत एक घोळ होतो. इंग्लिश जर्नलं शब्द मोजतात, स्पॅनिश जर्नलं पुष्कळदा अक्षरं मोजतात आणि त्यात मोकळ्या जागाही धरतात, 'काराक्तेरेस कोन एस्पासिओस'. पन्नास हजार हा आकडा वाचून घाबरू नका, ते शब्द नव्हेत. तळटिपा आणि संदर्भसूची त्यात धरायची का, हे मात्र वाचून घ्या.

पायरी ६: इंडेक्स कशाला म्हणायचं ते समजून घ्या

आता तो प्रश्न, जो सगळे सगळ्यात आधी विचारतात: "स्कोपसमध्ये आहे का? क्यू वन आहे का?"

स्कोपस ही निवडक जर्नलांची एक आंतरराष्ट्रीय सूची, अशा सूचीलाच इंडेक्स म्हणतात. 'क्यू वन' म्हणजे संदर्भांच्या क्रमवारीतला सगळ्यात वरचा पाव हिस्सा, म्हणजे पहिला क्वार्टाइल. तुमच्या नोकरीला किंवा पदवीला अमुक यादीतलंच जर्नल लागत असेल तर ती यादी आधी हातात घ्या आणि त्याबाहेर बघू नका. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण तशी सक्ती नसेल, तर आपल्या क्षेत्रात हे आकडे फार थोडं सांगतात हे लक्षात असू द्या. इम्पॅक्ट फॅक्टर गेल्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या संदर्भांवर काढतात. आपण तर पन्नास वर्षांपूर्वीच्या लेखाशी भांडत असतो. फक्त कला आणि मानव्यशाखांच्या इंडेक्समध्ये असलेल्या जर्नलांना २०२३ पर्यंत हा आकडा दिलाच जात नव्हता. साहित्याच्या वर्गात एकूण संदर्भच इतके कमी, की चार-दोन जास्त झाले तर जर्नल एका क्वार्टाइलमधून दुसऱ्यात जातं. यंदाचं 'क्यू वन' पुढच्या वर्षी 'क्यू टू' झालं तर त्यात जर्नलचं काही बिघडलेलं नसतं.

आपल्या कामाचं नाव म्हणजे एमएलएची, म्हणजे अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची, आंतरराष्ट्रीय ग्रंथसूची. साहित्याचा अभ्यासक शोध घेतो तो तिथे. तिच्यात जर्नल नसेल तर तुमचा पेपर सापडणं अवघड. एमएलएची नियतकालिकांची डिरेक्टरीही आहे. वर्षाला किती पेपर येतात, किती छापतात, निर्णयाला किती वेळ लागतो, याची संपादकांनी दिलेली माहिती तिच्यात असते. ग्रंथपालाला विचारा, तो उघडून देईल.

स्पॅनिशभाषक जगातली नावं वेगळी. ला रिओहा विद्यापीठाची 'दिआलनेत' ही लेखांची सूची स्पेनमधल्या प्रत्येक अभ्यासकाच्या हाताशी असते. 'सायेलो' ब्राझीलमध्ये सुरू झालं, 'रेदालिक' मेक्सिकोत. दोन्हीकडे निवड करून जर्नलं घेतात आणि लेख सर्वांना खुले असतात. बार्सेलोना विद्यापीठाचं 'मिआर' एका जर्नलची नोंद कुठेकुठे आहे ते एकाच पानावर दाखवतं, तेव्हा दहा ठिकाणी फिरण्याआधी तिथे जा.

लातिंदेक्सबद्दल एक खाचखळगा. त्याचे दोन भाग आहेत. 'दिरेक्तोरिओ' म्हणजे निव्वळ नोंदवही, तिच्यात भलीबुरी सगळी जर्नलं असतात. 'कातालोगो' म्हणजे निकषांवर उतरलेली. सध्याच्या कॅटलॉगचे निकष ३८ आणि त्यांतले ३० तरी पुरे व्हावे लागतात, त्यातही सात अनिवार्य. 'लातिंदेक्समध्ये समाविष्ट' असं मोठ्या अक्षरांत मिरवणारं जर्नल पुष्कळदा नुसतं नोंदवहीत असतं. शोधून बघायला दोन मिनिटं लागतात.

स्पेनमधल्या जर्नलांपुढे इतकी रांग का, तेही कळलेलं बरं. तिथल्या प्राध्यापकांच्या संशोधनाचं दर सहा वर्षांनी मूल्यांकन होतं, त्याला 'सेक्सेनिओ' म्हणतात. ही पद्धत १९८९ पासूनची. त्यासाठी मान्यताप्राप्त जर्नलांत छापून यावं लागतं, आणि 'फेसित' या सरकारी प्रतिष्ठानचा गुणवत्तेचा शिक्का असलेल्या जर्नलांकडे ओघ लागतो. त्यामानाने कोलंबिया, चिले, मेक्सिको इथली तितकीच चांगली जर्नलं नवख्यांच्या यादीत येतच नाहीत, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

पायरी ७: पैसे

आपल्या क्षेत्रात पेपर छापायला सहसा पैसे द्यावे लागत नाहीत. हे आधी पक्कं डोक्यात बसवा. सीएसआयसीची जर्नलं, एल कोलेहिओ दे मेहिकोचं जर्नल, रेदालिकमधली जर्नलं ही लेखकाकडूनही पैसे घेत नाहीत आणि वाचकाकडूनही नाहीत. याला 'डायमंड' म्हणतात. संस्था खर्च उचलते. मोठ्या व्यापारी प्रकाशकांच्या जर्नलात लेख सर्वांना खुला करायचा तर भरभक्कम शुल्क आहे, पण ते सहसा ऐच्छिक असतं. वर्गणीदारांपुरता छापला तर फुकट. त्यांचा फॉर्म भरताना खुल्या पर्यायावर नकळत टिचकी मारू नका, एवढंच. काही जर्नलं ज्या संघटनेची असतात तिचं सभासदत्व मागतात. ते वर्षाचं असतं आणि विद्यार्थ्यांना सहसा सवलत असते.

फसवी जर्नलं ओळखायला शास्त्र लागत नाही, त्यांचं पत्र नीट वाचायचं. माझ्याकडे आलेलं एक समोर आहे. सुरुवात 'परमआदरणीय डॉक्टर' अशी, तेव्हा मी डॉक्टर नव्हतो. मग माझ्या एका पुस्तक-परीक्षणाचं नाव घेऊन 'आपलं मौलिक संशोधन' अशी स्तुती. जर्नलच्या नावात मानव्यविद्या, व्यवस्थापन आणि अभियांत्रिकी, तिन्ही. रिव्ह्यू पाच दिवसांत. शुल्काचा आकडा पत्रात नाही, 'लेख स्वीकारल्यावर कळवू'. संपादक मंडळात एका खऱ्या, नामांकित हिस्पॅनिस्टचं नाव. त्यांच्या विद्यापीठातल्या पानावर मात्र या जर्नलचा उल्लेखही नाही. प्रामाणिक हिस्पॅनिक जर्नल अनोळखी माणसाला असं पत्र लिहीत नाही, त्यांच्याकडे आधीच रांग असते. शंका आली तर डोआज या खुल्या जर्नलांच्या सूचीत नाव आहे का बघा.

पायरी ८: वेळेचा हिशेब

आता यादीत तीन-चार नावं उरली असतील. प्रत्येकाच्या एखाद्या लेखाच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर 'रेसिबिदो' आणि 'आसेप्तादो' अशा दोन तारखा असतात, आला कधी आणि स्वीकारला कधी. पाच-सहा लेखांच्या तारखा काढा, अंदाज येतो. स्वीकारल्यावर छापून यायला वेगळा वेळ. वर्षाला दोन अंक काढणाऱ्या जर्नलकडे पुढचे तीन अंक भरलेले असू शकतात. काही जर्नलं तर नवे लेख घेणंच काही महिने बंद ठेवतात, ते मुखपृष्ठावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

स्पेनमध्ये ऑगस्टमध्ये कोणी उत्तर देत नाही. आर्जेन्टिना आणि चिलेमध्ये उन्हाळ्याची सुट्टी जानेवारी-फेब्रुवारीत येते. त्या दिवसांत आलेल्या शांततेचा अर्थ लावत बसू नका.

पदवीची तारीख जवळ आली असेल तर विशेषांकाची 'कोन्वोकातोरिआ' म्हणजे आवाहन शोधा. विशेषांकाला छपाईची तारीख ठरलेली असते, त्यामुळे रिव्ह्यूही वेळेत होतात. पण विशेषांकाच्या विषयात बसवण्यासाठी पेपर पिळू नका. संपादकाला ते पहिल्या परिच्छेदात कळतं.

विषय बसतो का याबद्दल खरंच शंका असेल तर संपादकाला पत्र लिहावं. तीन वाक्यं पुरतात: पेपर कशावर आहे, त्याचा मुद्दा काय, आणि तुमच्या अमुक अंकातल्या अमुक लेखाशी त्याचा कसा संबंध आहे. सोबत सारांश. स्वतःची ओळख एका ओळीत, मार्गदर्शकाचं नाव नको. तीन आठवडे थांबा, उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढचं जर्नल.

पायरी ९: पाठवताना

एका वेळी एकच जर्नल. दोन ठिकाणी पाठवून आधी होकार येईल तिथे देऊ, हा विचार मनात आणू नका. सेर्वांतेसवर रिव्ह्यू करणारी माणसं जगात मोजकी आहेत, आणि तुमचा पेपर दोन जर्नलांकडून एकाच माणसाच्या टेबलावर जाऊ शकतो.

'नोर्मास' म्हणजे लेखकांसाठीच्या सूचना छापून घ्या आणि एकेक ओळ खोडत जा. एमएलए शैली, शिकागो शैली की जर्नलची स्वतःची. अवतरणाला कोनी चिन्हं की दुहेरी. सारांश दोन्ही भाषांत, मुख्य शब्द पाच. बहुतेक स्पॅनिश-अमेरिकन जर्नलं 'ओपन जर्नल सिस्टिम्स' या संगणक प्रणालीवर चालतात, तिथे नाव नोंदवताना ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, मागतात. नसेल तर आधी काढा, फुकट आहे.

रिव्ह्यू 'दोब्ले सिएगो' असतो, दोन्ही बाजूंना नावं कळत नाहीत. म्हणून पेपरमधून नाव काढायचं. पहिल्या पानावरचं सगळे काढतात. राहतं ते दोन ठिकाणी: 'मी माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे' अशा तळटिपेत, आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, जिथे लेखक म्हणून संगणकाने तुमचं नाव आधीच लिहून ठेवलेलं असतं. वर्डमध्ये दस्तऐवज तपासण्याची सोय आहे, तिथून ते एका फटक्यात जातं. शेरे आणि ट्रॅक केलेले बदलही बघा. मार्गदर्शकाचा 'हा परिच्छेद कमकुवत आहे' हा शेरा तसाच ठेवून गेलेला पेपर मी रिव्ह्यूअर म्हणून पाहिलाय. परिच्छेद खरंच कमकुवत होता.

उत्तर चार प्रकारचं येतं: स्वीकारला, किरकोळ बदल, मोठे बदल, नाकारला. 'मोठे बदल' ही चांगली बातमी आहे, हे पहिल्या वेळी कोणालाच पटत नाही. त्यांना पेपर नको असता तर त्यांनी तो सुधारायला सांगितला नसता. दोन रिव्ह्यूअर उलटसुलट बोलत असतील तर संपादकाला विचारा, कोणाचं धरू.

नाकारला तर आठवडाभर त्याकडे बघू नका. मग यादीतलं दुसरं नाव. छापखान्याच्या प्रसंगावरचा आपला पेपर समजा 'आनालेस सेर्वांतिनोस'साठी लिहिला होता आणि परत आला. आता तो अमेरिकेतल्या 'सेर्वांतेस'ला पाठवायचा, तर नुसती शैली बदलून भागत नाही. प्रस्तावनेतला वाद कोणाशी आहे तेही पुन्हा लिहावं लागतं, कारण तिथले वाचक आणि त्यांचे अलीकडचे लेख वेगळे. त्याला दहा दिवस लागतात. ते दहा दिवस आत्ताच वहीत धरा आणि पहिल्या जर्नलला पाठवाल त्याच दिवशी दुसऱ्याच्या नोर्मास उतरवून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.